उबेची बाजू

टप्.

घर इतकं शांत होतं की एवढासा आवाजही तिला दारापर्यंत ऐकू आला. ती नुकतीच पोस्टातून परतली होती. एक बूट काढलेला, एक पायात, तशीच ती थांबली. दुपारच्या या वेळी सासरे खुर्चीतच डुलकी घेत. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मग पुन्हा, टप्. ती एका बुटावरच लंगडत मुलीच्या खोलीत गेली. रिकाम्या पलंगाशेजारी टेबलावर रंगीत खडूंचा पत्र्याचा डबा होता, आणि त्याच्या झाकणावर छतातून पाणी ठिबकत होतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. आठ दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. होती ती नुसती कोरडी, हाडं गोठवणारी थंडी. छपरावर चढून गवंड्याने मागेच सांगितलं होतं, की एक कौल हललेलं नाही, चिरा नाहीत, फटी नाहीत. तरी रोज बाराच्या सुमारास, ऊन छपरावर आलं की ही खोली रडायला लागायची. भिंतीच्या कोपऱ्यात काळपट बुरशी धरली होती. ती ब्लीचने पुसावी, की आठवड्याने पुन्हा हजर, आगंतुक पाहुण्यासारखी.

तिने डबा सरकवला आणि त्या जागी वाटी ठेवली. खडूंना काही झालं नव्हतं. पण ते वापरणारी चार महिन्यांपासून इथे नव्हती.

ती म्हणजे सहा वर्षांची भिंगरी. एका जागी टिकत नाही म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव, आणि तेच चिकटलं. मागच्या हिवाळ्यात भिंगरीला खोकला लागला तो उन्हाळ्यात जेमतेम सुटला आणि थंडीची पहिली चाहूल लागताच पुन्हा आला, या वेळी छातीत शिट्टी वाजवत. दोन वेळा तिला मध्यरात्री उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी घर कसं आहे ते विचारलं, भिंगरी कुठल्या खोलीत झोपते ते विचारलं, आणि म्हणाल्या, की औषधं मी देत राहीन, पण पोरीला त्याच ओल्या खोलीत झोपवणार असाल तर ते फुटक्या बादलीत पाणी भरण्यासारखं आहे. भिंती कोरड्या करा, घर उबदार करा, मग न्या. तोवर हिला कोरड्या जागी ठेवा.

कोरडी जागा म्हणजे मामाचं घर, बसने तीन तासांवर. शाळाही तिथेच, मामेभावाबरोबर. आई एक रविवार सोडून भेटायला जायची आणि परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायची. सुरुवातीला भिंगरी फोनवर रडायची. ते सोसवत नव्हतं. मग रडायची थांबली, आणि ते त्याहून सोसवेना. गेल्या आठवड्यात फोनवर ती मोठ्या उत्साहाने सांगत होती, की आमच्या घरी मांजरीला पिल्लं झालीत. आमच्या घरी. आईने फोन ठेवला आणि त्याच दिवशी ठरवलं, की आता कुणीतरी माणूस बोलवायचा आणि हे घर नीट करून घ्यायचं. थंडी संपायची वाट बघत बसले तर मुलगी पाहुणी होऊन परत येईल.

माणूस मिळणं म्हणजे तरी काय सोपं. पहिला आला तो टाय लावून. त्याने घरात पाऊल टाकायच्या आधीच सांगितलं, की सगळ्या खिडक्या बदलाव्या लागतील. गुळगुळीत कागदावरचे फोटो दाखवले, त्यांतल्या घरांत कुणी खोकत नव्हतं. छतातून पाणी का येतं, असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, की खिडक्या बदलल्या की सगळंच बदलतं. दुसरा फोनवर फार गोड बोलायचा आणि उद्या येतो म्हणायचा. त्याचा तो उद्या काही उगवला नाही. शेवटी पोस्टात तिच्या शेजारी पार्सलं निवडणारी बाई म्हणाली, की अगं, दोन गल्ल्या पलीकडे धूरवाले राहतात, त्यांना का नाही विचारत. शाळेच्या वर्गातला गारठा त्यांनीच घालवला. आधी तपासतात, मग बोलतात, आणि नको ते काम असेल तर नको म्हणून सांगतात. असा माणूस कंत्राटदार होऊन जगतो कसा, हेच कोडं आहे.

धूरवाले खरंच एका धुराच्या कांडीसाठी ओळखले जायचे. पन्नाशीचा, ठेंगणा, कानामागे पेन्सिल अडकवलेला माणूस. त्यांनी पुढच्या दाराच्या चौकटीत कापडाचा पडदा ताणला, त्यात मोठा पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढायला लावली. मग घरभर धूर सोडणारी ती कांडी घेऊन हिंडू लागले. म्हणाले, पंखा हवा बाहेर काढतो, म्हणून जिथे जिथे फट आहे तिथून बाहेरची हवा आत घुसते. धूर थरथरला की समजायचं, इथे घर उघडं आहे. कांडी त्यांनी तिच्याच हातात दिली. खिडकीपाशी धूर जरासा हलला. न्हाणीघराच्या पाइपापाशी चांगलाच वाकला. आणि भिंगरीच्या खोलीत, छतातल्या दिव्याखाली तिने हात वर केला, तर धूर कुणीतरी फुंकर घातल्यासारखा खाली दबला.

"माळ्यावर जरा डोकावू का?" त्यांनी विचारलं.

खुर्चीतून सासरे म्हणाले, "तिथे बघण्यासारखं काही नाही. माळा मी केलाय."

ते रागाने बोलले नव्हते. उलट, एका कारागिराने दुसऱ्याला सांगावं तसं, जरा अभिमानानेच. एकतीस वर्षं त्यांनी शीतगृहं बांधण्यात काढली होती. फळांची, माशांची, औषधांची. या हातांनी बांधलेल्या खोल्यांत, ते सांगत, भर उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळत असताना आत दाढीवर बर्फ जमतो. धूरवाल्यांनी सासऱ्यांचं नाव ऐकलेलं होतं. मग दोघांच्या गप्पा रंगल्या. ऊब धरून ठेवणारं ग्लासवूल पूर्वी अंगाला किती चावायचं, आताच्या पोरांना टेप सरळ लावता येत नाही, असलं काय काय. सासऱ्यांना कितीतरी महिन्यांनी असं बोलताना ती पाहत होती. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, तरी ते पंख्याच्या पडद्याची शिवण हाताने चाचपून दाद देत होते.

पण जाताना फाटकाशी धूरवाले थांबले. म्हणाले, की ताई, माळा बघितल्याशिवाय मी हे काम घेऊ शकत नाही. माणसाच्या डोक्यावर टोपी आहे की नाही ते न बघता त्याला मोजे विणून देण्यासारखं होईल ते.

तिला कळत होतं. तरी तिचा पाय निघेना, कारण माळा म्हणजे काय हे ते जाणत नव्हते आणि ती जाणत होती. भिंगरीचे बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली होती. कामावरून येताना घसरड्या रस्त्यावर ट्रक उलटला आणि पाच मिनिटांत सगळं आटोपलं. त्यानंतरचे दोन महिने म्हातारा माणूस जेवला नाही की बोलला नाही. आणि एके सकाळी शिडी लावून माळ्यावर चढला. पोराने हे घर घेतलं तेव्हा म्हणाला होता, बाबा, जरा सवड मिळाली की माळ्यावर ऊब भरू. ती सवड पोराला मिळाली नाही, म्हणून बापाने ते काम हाती घेतलं. महिनाभर डोक्यावर हातोडीचा आवाज येत राहिला, आणि त्या घरात जिवंत असा तेवढाच आवाज होता. खाली शिडीशी चार वर्षांची भिंगरी निळ्या टेपचे तुकडे दातांनी तोडून वर द्यायची. रडायला माणसाला एखादी जागा लागते. त्यांना ती तिथे मिळाली असावी. काम संपलं त्या दिवशी ते खाली उतरले, अंगभर खाज सुटलेली, डोळे लाल, आणि म्हणाले, सूनबाई, आता काळजी नाही. त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी स्वतः होऊन वाढून घेतलं होतं.

डोळ्याच्या तपासणीसाठी सासरे गावातल्या दवाखान्यात गेले, त्या सकाळी तिने धूरवाल्यांना बोलावून घेतलं. ते टॉर्च घेऊन वर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. उतरले तेव्हा हातात पिशवी होती. पिशवीत ग्लासवूलचा गोळा, काळा पडलेला, पिळला तर पाणी निघेल असा. वास तिने लगेच ओळखला. भिंगरीच्या उशीला यायचा तोच.

त्यांनी तिला समजावून सांगितलं, आणि ते सांगताना आवाज आपोआप खाली गेला, जणू घरात कुणी झोपलं आहे. म्हणाले, आपण श्वास टाकतो, अंघोळ करतो, स्वयंपाक करतो, त्या सगळ्याची वाफ वर जाते. त्या वाफेला ग्लासवूलमध्ये शिरू द्यायचं नसतं, म्हणून प्लास्टिकची शीट घालतात, खालून, खोलीच्या अंगाला, उबेच्या बाजूला. इथे ती वरून घातली आहे. म्हणजे उकळत्या दुधावर गार झाकण ठेवल्यासारखं झालं. झाकणाला आतून पाणी सुटतं. रात्री ते गोठतं, दुपारी ऊन आलं की वितळतं आणि खाली येतं. दोन हिवाळे हेच चाललंय.

"पण त्यांना इतकं सगळं येत असताना असं कसं झालं?"

"येतं म्हणूनच झालं, ताई." ते पिशवीचं तोंड बांधत होते. "शीतगृहात गार आत असतं आणि ऊब बाहेर. तिथे शीट बाहेरच्या अंगाला, वरच जाते. एकतीस वर्षं हाताला तीच सवय. हातांनी डोक्याला विचारलंच नाही." मग ते म्हणाले, की काम मात्र असं केलंय, की मी माझ्या पोरांना दाखवायला आणावं. शीट ठोकलेली एक टाचणी ओळीबाहेर नाही. जोड इतके घट्ट, की वाफेला पळायला बोटभर जागा ठेवली नाही. एखाद्या अडाण्याने केलं असतं, तर फटींतून तरी हवा खेळली असती.

ती खाली, जिन्याच्या पायरीवर बसली. तिला रडू आलं नाही. तिला फक्त तो महिना आठवला आणि त्या हातोडीच्या आवाजाखाली शांत झोपलेली चार वर्षांची पोर आठवली.

मग तिने ते ठरवलं, जे पुढे ती हजारदा उलगडून पाहणार होती. नणंदेच्या शहरात मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, तारीख मिळाली होती, आठ-नऊ दिवस सासरे तिकडे असणार. तेवढ्यात माळा उपसून नवा करायचा. विचारलं तर सांगायचं, उंदीर शिरले होते, सगळं कुरतडलं, नाइलाज झाला. म्हाताऱ्याने मुलगा घालवला होता. आता नातीचा श्वास आपणच कोंडला हे त्याला कळायला नको. एवढं एक ओझं आपण वाहू, त्यात काय.

धूरवाल्यांना हे रुचलं नाही. कारागिराच्या पाठीमागे त्याचं काम उचकटायचं म्हणजे घरी कुणी नसताना त्याच्या कपाटात हात घालण्यासारखं, असं ते म्हणाले. तिने भिंगरीचं सांगितलं, मांजरीच्या पिल्लांचं सांगितलं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून बोटांत फिरवली.

"करतो," ते शेवटी म्हणाले. "पण ताई, खोटं माझ्याच्याने होणार नाही. ते विचारत नाहीत तोवर मी गप्प. विचारलं, तर गप्प बसणार नाही."

ते कशाला विचारतील, असं तिला वाटलं.

सासऱ्यांना तिने बसमध्ये बसवून दिलं, गुडघ्यांवर शाल टाकली, औषधांची चिठ्ठी खिशात घातली. ते म्हणाले, की भिंगरी यायच्या आधी डोळा नीट होतोय हे बरं झालं. आता तिच्या सुईत दोरा ओवून देता येईल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं. ती बस सुटेपर्यंत थांबलीच नाही.

तीन दिवस काम चाललं. दोन माणसं तोंडाला फडकी बांधून वरून गोण्या खाली देत होती, ओल्या गाद्यांसारख्या जड. तिनेही एक उचलली. तिच्या कडेला निळ्या टेपचा तुकडा लोंबत होता, आणि टेपच्या टोकाला बारीक दातांची नक्षी होती. तिने तो काढला, मग कुठे ठेवावा हे सुचेना, आणि परत गोणीत टाकून दिला. धूरवाल्यांनी आधी न्हाणीघराच्या, दिव्यांच्या, पाइपांच्या सगळ्या फटी बुजवल्या. मग शीट, खोलीच्या अंगाला. मग वर कोरडं, पिवळं ग्लासवूल, आणि त्याच्या वर मोकळी हवा. भिंगरीच्या खोलीत चार दिवस एक यंत्र घुरघुरत हवा सुकवत होतं, आणि त्याच्या टाकीतून ती सकाळ-संध्याकाळ पाणी ओतून यायची. इतकं पाणी त्या भिंतींत होतं. पाचव्या दिवशी भिंतीला तळहात लावला, तर ती नुसती भिंत लागली. कोरडी, किंचित कोमट. तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आणा.

मामा रविवारी घेऊन येणार, असं ठरलं. सासरे शुक्रवारीच आले.

डोळ्यावर हिरवी पट्टी होती, पण चालणं ताठ होतं. ते सरळ भिंगरीच्या खोलीत गेले आणि मध्यभागी उभे राहिले, नाक जरासं वर करून. म्हणाले, वास गेला. तिने उंदरांचं सांगितलं, ठरवलं होतं तसं, एका दमात, आणि जरा जास्तच. किती उंदीर, कुठून आले, कशी लेंड्यांची रास. ते ऐकून घेत होते. म्हणाले, हो का. मग छतातल्या माळ्याच्या झाकणाकडे त्यांनी पाहिलं. झाकणाला आता रबराची पट्टी होती, नवी. डॉक्टरांनी त्यांना वाकायला आणि चढायला मनाई केली होती. नाहीतर ते वर गेलेच असते, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी धूरवाले शेवटची तपासणी करायला आले. पंखा लावला, कांडी पेटवली, आणि या वेळी धूर भिंगरीच्या खोलीत जिथे सोडला तिथून सरळ वर गेला, दोरा ताणल्यासारखा. काम संपल्यावर सासऱ्यांनीच त्यांना चहाला बसवलं. दोघे स्वयंपाकघरात समोरासमोर बसले. ती ओट्याशी होती. सासऱ्यांनी कपात साखर घातली, ढवळली, चमचा बशीत ठेवला.

"शीट कुठल्या बाजूला होती?" त्यांनी विचारलं.

धूरवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि त्याबद्दल तिने त्यांना मनातल्या मनात मानलं.

"वरच्या," ते म्हणाले.

सासरे कपाकडे पाहत होते. मग, धडा म्हणून दाखवावा तसं, ते हळू म्हणाले, "शीट नेहमी उबेच्या बाजूला. शंभर पोरांकडून घोकून घेतलंय मी हे वाक्य." ते जरा हसले, आणि ते हसू तिला पाहवलं नाही. "शीतगृहात वरच असते."

"हो. तिथे बरोबर आहे."

"तिथे बरोबर आहे," सासऱ्यांनी मान हलवली. धूरवाल्यांना काहीतरी सांगायचं होतं. टाचण्या किती सरळ होत्या, जोड किती घट्ट होते, असं त्यांनी सुरूही केलं, पण वाक्य मध्येच सोडून दिलं, कारण घट्ट जोडांचं कौतुक इथे कुठे जाऊन पोचतं हे बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं. ते उठले. सासरे त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले. रीत त्यांनी मोडली नाही.

परत आल्यावर ते भिंगरीच्या पलंगावर बसले. तिने नवी चादर घातली होती, पिवळी. तिने दारातून आत पाऊल टाकलं आणि उगाच उशी नीट केली. म्हणाली, की बाबा, कुणाचीही चूक होते. म्हणाली, की तुम्ही आमच्यासाठीच केलंत. ही सगळी वाक्यं खरी होती आणि एकही उपयोगाचं नव्हतं.

"पोरीच्या डोक्यावर मी शीतगृह बांधलं," ते म्हणाले.

ती रडू लागली. मग त्यांनी तिला सांगितलं, आणि आवाजात राग नव्हता, की चूक माझी होती ना, मग ती माझ्या हाताने काढू द्यायची होतीस. मला सांगितलं असतंस, तर एका डोळ्याने चढलो असतो, रांगत चढलो असतो. एकेक टाचणी उपसली असती. पोरीसाठी तेवढं तरी माझ्या हातून नीट झालं असतं. तेही तू उंदरांना देऊन टाकलंस.

तिने त्यांचे पाय धरले. त्यांनी तिला उठवलं, डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, जा, दूध उतू जाईल. गॅसवर दूध नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांची पिशवी दाराशी तयार होती. डोळ्याचं पुन्हा दाखवायचं आहे, डॉक्टर तिकडेच, रोज कुठे ये-जा करणार, लेकीकडेच राहतो काही दिवस. किती दिवस, असं तिने विचारलं. ते म्हणाले, बघू. भिंगरी आज येतेय, तिला भेटून तरी जा, असं ती तीन-तीनदा म्हणाली. त्यांनी बुटाची नाडी बांधायला वाकायचा प्रयत्न केला. डॉक्टरांची मनाई तिला आठवली, म्हणून तिनेच ती बांधली, आणि बांधताना वाटलं की आपण स्वतःच्या हाताने त्यांना घराबाहेर काढतोय. ते म्हणाले, की तिच्यासमोर बसायला अजून धीर होत नाही, सूनबाई. ती मला टेप तोडून द्यायची.

नऊच्या बसने ते गेले. बाराच्या बसने भिंगरी आली. कुठेतरी रस्त्यात त्या दोन बसेस एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

भिंगरी बोटभर उंच झाली होती. ती जिना एका दमात चढली, खोल्याखोल्यांतून धावली, पलंगावर उड्या मारल्या, आणि तरी शिट्टी वाजली नाही. आई दाराशी उभी राहून तो श्वास ऐकत होती. आत, बाहेर, आत, बाहेर, स्वच्छ. एवढ्यासाठी सगळं केलं होतं. एवढंच हवं होतं. मामा जेवून, चहा घेऊन परत गेला. जाताना बहिणीच्या पाठीवर थोपटून म्हणाला, की म्हातारं माणूस आहे, येईल आठ दिवसांत. तिने त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, सांगायला दुसरं होतं कोण.

आजोबा कुठे आहेत हे भिंगरीने आल्याआल्याच विचारलं होतं. डोळ्याच्या डॉक्टरांकडे, असं आईने सांगितलं, आणि ते तसं खोटंही नव्हतं. तेवढ्यावर भागलं असं तिला वाटलं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गाजरं किसत होती, तेव्हा भिंगरी येऊन ओट्याला टेकली. गाजराचा एक तुकडा उचलला, खाल्ला नाही.

"मामा मामीला सांगत होता," ती म्हणाली. "आजोबांनी माळा चुकीचा केला, म्हणून मला खोकला झाला."

आईने गाजर खाली ठेवलं. ती म्हणाली, की मोठी माणसं काहीबाही बोलतात, राणी, आणि तुझा खोकला आता गेला की नाही.

भिंगरीने मान हलवली. गेला होता. तिने हातातला तुकडा या बोटातून त्या बोटात फिरवला, आणि मग वर पाहिलं, आजोबांसारखं, नाक जरासं उचलून.

"मी खोकले नसते, तर आजोबा गेले नसते ना?"